डिस्टोपिया वाचताना कारभाराकडे बघा

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला डिस्टोपियन साहित्यावरचा, म्हणजे जाचक व्यवस्थेखाली जगणाऱ्या काल्पनिक समाजांच्या कथांवरचा लेख आणि त्याच पानावर जाहीर झालेली भविष्यकाळावरची कथास्पर्धा, या दोन्हींबद्दल हे पत्र आहे. लेखात पाच गाजलेल्या कादंबऱ्या घेऊन कोणते भाकीत खरे ठरले याचा तक्ता दिला आहे. भिंतीएवढा पडदा आला, कानात घालायची बोंडे आली, बाटलीत मूल वाढवणे अजून बाकी आहे, वगैरे. तक्ता करमणुकीचा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याखाली या प्रकाराची 'समान सूत्रे' म्हणून पाळत, यंत्र, हुकूमशहा आणि बंडखोर नायक ही चार नावे दिली आहेत. ती यादी अपुरी आहे आणि स्पर्धेसाठी लिहू पाहणाऱ्यांना चुकीच्या वाटेला लावील.

या पुस्तकांना जोडणारा धागा कारभाराचा आहे. कुणीतरी नियम केलेला असतो, कुणीतरी पगार घेऊन तो राबवतो, त्याची कुठेतरी नोंद होते, आणि ज्यांच्यावर तो राबवला जातो त्यांनाही त्यातून काहीतरी मिळत असते. यंत्र आणि पाळत ही झाली साधने. ती बाजूला ठेवून कारभाराचा माग काढला, तर वरवर अगदी वेगळी वाटणारी पुस्तके एका रांगेत येऊन बसतात.

आधी एक गल्लत दूर करू. जग बुडाले, साथ पसरली, उरलेसुरले लोक डबाबंद अन्नासाठी एकमेकांच्या जिवावर उठले, ही प्रलयकथा. ती उत्तम असू शकते, पण तिच्यातला प्रश्न तगून राहण्याचा असतो. डिस्टोपियात दिवे लागलेले असतात, गाड्या धावत असतात, शिधा मिळत असतो. ओळखण्याची सोपी खूण अशी: कथेत एखादे कार्यालय आहे का, आणि त्यात बसणाऱ्या माणसाला आपण योग्य तेच करतो आहोत असे वाटते का? कुंपणावरची उदाहरणे आहेतच. ऑक्टेव्हिया बटलरच्या 'पॅरेबल ऑफ द सोअर' (1993) मध्ये सरकार असून नसल्यासारखे आहे आणि पोलीस तपासाचे पैसे मागतात. पण तिथेही समुद्रकाठचे एक आख्खे गाव एक कंपनी ताब्यात घेते, लोक सुरक्षिततेपायी तिथे जायला अर्ज करतात, आणि पगार असा बेतलेला असतो की कर्ज वाढत जावे. कार्यालय गेलेले नाही, त्याचा मालक बदलला आहे.

कारभाराची सुरुवात वेळापत्रकापासून करावी लागते, कारण हा प्रकार आधुनिक रूपात उभा राहिला तोच वेळापत्रकावर. येवगेनी झाम्यातिन यांनी 'वुई' ही कादंबरी 1920-21 च्या सुमारास रशियात लिहिली. ती पहिल्यांदा छापली गेली 1924 साली न्यूयॉर्कमध्ये, तीही इंग्रजी अनुवादात. खुद्द सोव्हिएत संघात ती प्रसिद्ध व्हायला 1988 उजाडले. झाम्यातिन पेशाने जहाजबांधणी अभियंते होते आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये बर्फफोडी जहाजांच्या कामावर होते. ही माहिती कुतूहलापुरती नाही, कारण कादंबरीचा सांगाडा कारखान्याचा आहे. माणसांना नावांऐवजी अक्षर आणि आकडा आहे, नायक म्हणजे डी-503. सगळे एकाच मिनिटाला उठतात, एकाच मिनिटाला चमचा तोंडाकडे नेतात, प्रत्येक घास नियमाप्रमाणे पन्नास वेळा चावतात. दिवसात फक्त दोन तास स्वतःचे, 16 ते 17 आणि 21 ते 22. घरांच्या भिंती काचेच्या. पडदा ओढायची मुभा शरीरसंबंधासाठीचे गुलाबी कुपन दाखवल्यावर, ठरलेल्या दिवशी. नायकाच्या मते प्राचीन लोकांतला सर्वांत थोर माणूस कोण, तर फ्रेडरिक टेलर, म्हणजे कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजण्याचे शास्त्र 1911 साली पुस्तकरूपाने मांडणारा अमेरिकन अभियंता.

इथे बघण्यासारखी गोष्ट अशी की नायक पिचलेला नाही. तो खूष आहे. त्याला ते दोन मोकळे तासच खुपतात. उद्या तेही वेळापत्रकात बसवता येतील अशी त्याला आशा आहे. नवशिका लेखक पहिल्याच पानावर नायकाला घुसमटवून टाकतो आणि तिथेच कथा हरतो. घुसमट वाचकाला व्हायला हवी. नायकाला ती जितकी उशिरा होईल तितकी व्यवस्था वाचकाला आतून कळते.

याच कादंबरीत निवडणूकही आहे. दरवर्षी सर्वांसमोर हात वर करून त्याच 'उपकारकर्त्या'ला, म्हणजे राज्यप्रमुखाला, पुन्हा निवडतात. त्या वर्षी मात्र हजारो हात विरोधात वर जातात. दुसऱ्या दिवशीचे सरकारी वर्तमानपत्र निकाल एकमताचाच देते आणि कारण सांगते: मैफलीत आजारी माणसे खोकली, म्हणून त्यांचा खोकला कुणी संगीताचा भाग धरतो का? खोटे बोलण्याची ही रीत पाहा. विरोध झालाच नाही असे कुणी म्हणत नाही, तो मोजण्याजोगा नव्हता एवढेच म्हणतात.

नोंदी आणि आकडे यांवर जॉर्ज ऑर्वेलइतके बारकाईने कुणी लिहिलेले नाही. त्यांनी 'वुई'वर 1946 साली परीक्षण लिहिले होते आणि 'नाइन्टीन एटी-फोर' जून 1949 मध्ये आली. आपल्या लेखात या कादंबरीबद्दल 'प्रत्येक नागरिकावर चोवीस तास पाळत' असे म्हटले आहे. ते पुस्तकाशी जुळत नाही. लोकसंख्येच्या 85 टक्के असलेल्या श्रमिकांपैकी बहुतेकांच्या घरात टेलिस्क्रीन, म्हणजे चित्र दाखवणारा आणि समोरच्याला पाहणाराही पडदाच नाही. सत्तेला त्यांची फिकीर नाही. त्यांच्यासाठी लॉटरी, बिअर आणि यंत्रावर रचलेली गाणी आहेत. पाळत आहे ती पक्षाच्या सभासदांवर, म्हणजे कारभार चालवणाऱ्यांवर. आणि तीही अखंड असते असे कुठे म्हटलेले नाही. आत्ता, या क्षणी कुणी बघते आहे की नाही हे कळायला मार्ग नाही, एवढेच म्हटले आहे. एवढ्यावर काम भागते. स्वस्तातली व्यवस्था आहे.

कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ याचे खरे काम लेखात एका ओळीत उरकले आहे, पण ते पायरीपायरीने वाचावे. नळीतून चिठ्ठी येते: वर्तमानपत्राच्या अमुक अंकातला अमुक मजकूर दुरुस्त करा. पुरवठा मंत्रालयाने तिमाहीत 14 कोटी 50 लाख बुटांचे जोड बनतील असा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात 6 कोटी 20 लाख झाल्याचे जाहीर झाले. विन्स्टन जुना अंदाजच बदलतो आणि तो 5 कोटी 70 लाख करतो, म्हणजे उद्दिष्टाहून अधिक उत्पादन झाल्याचा नेहमीचा दावा करता येईल. जुना कागद भिंतीतल्या भोकातून भट्टीत जातो. काम करताना त्याच्या मनात येते की कदाचित एकही जोड बनलेला नसेल, आणि निम्मे लोक तर अनवाणी हिंडताहेत. लक्षात घ्या, तो खऱ्याच्या जागी खोटे लिहीत नाही. एका निराधार आकड्याच्या जागी दुसरा निराधार आकडा घालतो. चॉकलेटचेही तसेच. शिधा 30 ग्रॅमवरून 20 वर आणल्याची घोषणा होते, आणि दुसऱ्याच दिवशी तो 20 ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघाल्याची बातमी येते. भाषा आक्रसत नेण्याची त्या कादंबरीतली योजना याच कारखान्याचा दुसरा विभाग आहे. नोंद नाहीशी झाली की तुलना करता येत नाही, आणि शब्द नाहीसा झाला की तुलना करायची होती हेच आठवत नाही.

नोंदी पुसण्याचे सूत्र ऑर्वेलच्या आधीही आले होते. कॅथरीन बर्डेकिन यांनी 1937 साली, दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वी, मरे कॉन्स्टंटाइन या टोपणनावाने 'स्वस्तिका नाइट' लिहिली. त्यात हिटलरशाहीला सातशे वर्षे झाली आहेत, हिटलर देव झाला आहे, त्याआधीचा इतिहास जाळून टाकला आहे आणि स्त्रियांना कोंडवाड्यात ठेवले आहे. एका घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या लपवलेले एक पुस्तक आणि एक छायाचित्र, एवढाच पुरावा शिल्लक. हे पुस्तक अशा याद्यांत क्वचितच दिसते, म्हणून मुद्दाम नाव घेतले.

आता वाचकांना सर्वांत जास्त फसवणारे पुस्तक. ऑल्डस हक्सले यांची 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' (1932). त्यात मारहाण जवळजवळ नाही. दंगल झाली तर पोलीस सोमा या मन सुखावणाऱ्या औषधाची वाफ फवारतात आणि प्रेमळ आवाजातले भाषण वाजवतात. एका अंड्यापासून 96 पर्यंत एकसारखी माणसे काढण्याची सोय, अल्फापासून एप्सिलॉनपर्यंत पाच जाती, झोपेत पाठ करून घेतलेली वचने, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण त्या व्यवस्थेचा आर्थिक हिशेब वाचक सोडून देतात. आठ महिन्यांच्या डेल्टा जातीच्या बाळांना पुस्तके आणि फुले यांच्याकडे रांगत नेतात आणि हात लावताच भोंगे वाजवून विजेचा झटका देतात. पुस्तकांचे कारण उघड आहे. फुलांचे काय? अधिकारी सांगतो: निसर्गाची आवड फुकट असते, तिने एकही कारखाना चालत नाही. पूर्वी ही आवड मुद्दाम लावत असत, लोकांनी गावाबाहेर जावे आणि वाहतूक वापरावी म्हणून. नंतर हिशेब सुधारला. निसर्गाचा तिटकारा, पण मैदानी खेळांचे वेड, आणि ते खेळ भरपूर सामान लागणारे. वाहतूकही खपते, सामानही खपते. एवढ्या एका परिच्छेदात ते सारे राज्य उलगडते.

त्याच राज्याने दोन प्रयोगही करून पाहिले आहेत. सायप्रस बेट रिकामे करून तिथे 22,000 अल्फा, म्हणजे सर्वांत वरच्या जातीची माणसे, वसवले. हलकी कामे कुणी करीना. सहा वर्षांत यादवी पेटली, 19,000 मेले आणि उरलेल्यांनी एकमुखाने अर्ज केला की पुन्हा राज्य तुम्हीच चालवा. दुसरा प्रयोग आयर्लंडमध्ये, रोज चार तासच काम देण्याचा. हाती आली अस्वस्थता आणि सोमाचा वाढलेला खप. हक्सले हे आकडे अधिकाऱ्याच्या तोंडी घालतात, आणि वाचकाला क्षणभर ते पटतातही. मग प्रश्न पडायला हवा की अल्फांना तसे घडवले कुणी. सगळ्यांना हुकूम देण्यासाठीच वाढवले आणि मग त्यांना एकत्र कोंडले, तर प्रयोग फसणारच.

यंत्रावर विसंबलेल्या जगाचे सूत्र ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द मशीन स्टॉप्स' (1909) या दीर्घकथेत इतके नेमके आले आहे की नंतरच्या कितीतरी जाड कादंबऱ्या तिच्यापुढे फिक्या पडतात. माणसे जमिनीखालच्या एकेकट्या खोल्यांत राहतात, बटण दाबले की अन्न, अंघोळ, संगीत, व्याख्यान. कथेचा गाभा बिघाडात आहे. आधी संगीतात मध्येच उसासा ऐकू येतो. अशाच एका खोलीत राहणारी व्हाश्टी दुरुस्ती समितीकडे तक्रार करते. उत्तर येते की तक्रार क्रमाने मध्यवर्ती समितीकडे पाठवली जाईल. मग कृत्रिम फळांना बुरशी, अंघोळीच्या पाण्याला वास, कविता करणाऱ्या यंत्राची यमके चुकतात. प्रत्येक वेळी लोक थोडे कुरकुरतात आणि सरावतात. शेवटी कळते की दुरुस्तीयंत्रणाच नादुरुस्त झाली आहे. यंत्र माणसावर उलटले असे इथे काहीच होत नाही. देखभालीचे ज्ञान असणारा माणूस उरला नाही, आणि तक्रार नोंदवणे हेच तक्रारीचे निवारण समजले गेले. यंत्रावरची कथा लिहिणाऱ्याने आधी एवढे ठरवावे: यंत्र दुरुस्त कोण करतो, त्याला सुटे भाग कुठून मिळतात आणि त्याने रजा घेतली तर काय होते.

तंत्र आधी येते आणि कायदा मागून येतो, ही क्रमवारी कारिन बोये या स्वीडिश लेखिकेने 'कॅलोकेन' (1940) मध्ये दाखवली. एक निष्ठावान रसायनशास्त्रज्ञ असे औषध शोधतो की टोचताच माणूस मनातले सगळे बोलून जातो. पकडायचे असतात देशद्रोही, पण सापडतात भीती, एकटेपण, नवऱ्याबायकोतला अविश्वास. मग विचार वाचता येतात तर त्यांना शिक्षाही असली पाहिजे म्हणून तसा कायदा होतो. शोधकर्त्याला स्वतःबद्दल कसलाही संशय नाही, आणि म्हणूनच ती कादंबरी अंगावर येते.

शरीर आणि प्रजनन यांवरचा ताबा हे सूत्र मार्गारेट ॲटवूड यांच्या 'द हँडमेड्स टेल' (1985) मुळे सर्वपरिचित झाले. चर्चा होते ती मूल जन्माला घालण्यासाठी जुंपलेल्या स्त्रियांच्या लाल झग्यांची. कलाटणी मात्र आधी बसते, तीही एका दिवसात. अध्यक्षांची हत्या, संसदेवर गोळीबार, घटना तात्पुरती स्थगित, वर्तमानपत्रांवर निर्बंध. लोक रात्री घरी बसून दूरचित्रवाणी बघतात, काहीतरी निर्देश मिळेल म्हणून. मग एका सकाळी दुकानात नायिकेचे खाते चालत नाही, त्याच दिवशी ग्रंथालयातल्या सगळ्या स्त्रियांना कामावरून काढतात. नोकरी आणि खाते दोन्ही एकाच दिवशी का? एकच काढले असते तर दुसऱ्याच्या आधाराने निसटता आले असते. खात्यातले पैसे जप्त होत नाहीत, ते नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या ताब्यात जातात, म्हणजे घरातल्या एकाला नकळत लाभार्थी केले जाते. हे शक्य होते कारण रोख नोटा आधीच चलनातून गेल्या आहेत आणि सगळी खाती संगणकावर आहेत. जगात कुठे ना कुठे, कधी ना कधी घडलेले नाही असे काहीही पुस्तकात घालायचे नाही, ही ॲटवूड यांची अट होती. म्हणून त्या कादंबरीला भाकिताच्या तक्त्यात बसवणे सर्वांत गैरलागू.

गरिबीचा उपयोग करून घेणारी व्यवस्था कशी असते हे सुझन कॉलिन्स यांच्या 'द हंगर गेम्स' (2008) मध्ये अगदी हिशेबाने दिले आहे. ही कुमारांसाठीची कादंबरी म्हणून समीक्षक तिला टाळतात, हे बरे नाही. मुलांना जीवघेण्या खेळात पाठवण्यासाठी दरवर्षी सोडत निघते. बाराव्या वर्षी प्रत्येक मुलाच्या नावाची एक चिठ्ठी तीत पडते, दरवर्षी एक वाढते, अठराव्या वर्षी सात. ज्याला धान्य आणि तेल हवे त्याने जादा चिठ्ठी टाकायची. एका चिठ्ठीमागे एका माणसाचा वर्षभराचा, तोही जेमतेम शिधा. घरातल्या प्रत्येकासाठी अशी चिठ्ठी टाकता येते आणि सगळ्या चिठ्ठ्या साठत जातात. नायिका तिघांसाठी घेते, म्हणजे वर्षाला चार. सोळाव्या वर्षी तिच्या 20 होतात. अठरा वर्षांच्या तिच्या मित्राच्या 42. कागदावर सोडत सर्वांना सारखी आहे. आणि शिधा लागणारे व न लागणारे यांच्यात कायमची अढी बसते, ती राज्यकर्त्यांच्या पथ्यावर पडते.

पुस्तके जाळण्याचे सूत्र असेच अर्धवट वाचले जाते. रे ब्रॅडबरी यांच्या 'फॅरनहाइट 451' (1953) मध्ये आग विझवण्याऐवजी पुस्तके जाळणाऱ्या अग्निशामक दलाचा प्रमुख बीटी स्वतः सांगतो की हे सरकारने सुरू केले नाही. आधी पुस्तकांचे सारांश आले, मग सारांशांचे सारांश, मग प्रत्येक गटाला न आवडणारे पान फाडत गेले, वाचक आपणहून सुटले. आग नंतरची. गंमत अशी की शाळांसाठी काढलेल्या या पुस्तकाच्या आवृत्तीतून प्रकाशनसंस्थेच्याच संपादकांनी न रुचणारे शब्द गुपचूप गाळले होते, आणि बऱ्याच वर्षांनी ते लक्षात आल्यावर 1979 च्या सुमारास लेखकाने मूळ मजकूर परत आणवला.

बीटीवरून या प्रकारातला एक जवळजवळ ठरलेला प्रसंग आठवतो: समोर सापडलेला नायक आणि त्याला सगळे समजावून सांगणारा वरिष्ठ अधिकारी. झाम्यातिनचा उपकारकर्ता, हक्सलेचा मुस्तफा माँड, ऑर्वेलचा ओब्रायन, सगळे याच खुर्चीत बसतात. या खुर्चीचा मूळपुरुष दोस्तोयेव्हस्कीच्या 1880 साली पूर्ण झालेल्या 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'मधला वृद्ध धर्माधिकारी, जो परत आलेल्या येशूला सांगतो की माणसांना स्वातंत्र्य पेलत नाही, आम्ही ते ओझे उतरवले. हा प्रसंग फसतो तेव्हा अधिकारी नुसता धमकावतो किंवा नियमावली वाचून दाखवतो. तो साधतो तेव्हा अधिकारी नायकापेक्षा जास्त वाचलेला असतो. माँडच्या तिजोरीत बंदी घातलेली पुस्तके आहेत. तो तरुणपणी चांगला भौतिकशास्त्रज्ञ होता आणि बेटावरची हद्दपारी की सत्तेची जागा, यांतून त्याने जागा निवडली. त्याच्या बोलण्यात निम्मे खरे असावे लागते, नाहीतर वाद होत नाही.

स्पर्धकांच्या उपयोगाचे आणखी थोडे. एका कथेला एकच नियम पुरतो. तो नियम राबवणारा सर्वांत खालचा कर्मचारी ठरवा: तो सकाळी काय करतो, कोणता कागद भरतो, कोणती सूट द्यायचा अधिकार त्याला आहे, आणि कोण त्याला गुपचूप काय देते. त्या नियमाने कुणाचा फायदा झाला हे लिहा. प्रत्येकाचे नुकसानच करणारी व्यवस्था आठवडाभर टिकणार नाही. नियमाला जुनी, सभ्य वाटणारी सबब द्या, जसे संरक्षण, आरोग्य, समानता. तो लागू होऊन दोन पिढ्या झाल्या असतील तर पात्रांनी तो एकमेकांना समजावून सांगू नये. पाण्याचे नियम सर्वांनाच माहीत असलेल्या घरात 'तुला ठाऊकच आहे की पाणी तासाला एक लिटर मिळते' असे कुणी म्हणत नाही. माहिती द्यायची तर भांडणातून, अर्जातून, नियम मोडल्याच्या शिक्षेतून द्या. शिवाय अख्ख्या शहरात एकट्या नायकालाच सत्य दिसते ही युक्ती फार झिजली आहे. इतरांनाही ते दिसत असते, त्यांनी त्याच्याशी जमवून घेतलेले असते, आणि ते कसे जमवले यातच कथा असते.

हे शेवटचे सर्वांत चांगले दिसते ते काझुओ इशिगुरो यांच्या 'नेव्हर लेट मी गो' (2005) मध्ये. अवयवांसाठी वाढवलेली मुले. त्यांना कुणी साखळीने बांधलेले नाही, मोठेपणी त्यांच्यावर पहारा नाही, ती मोटार चालवतात, गावोगाव फिरतात. अवयव काढण्याला 'देणगी' म्हणतात, मरण्याला 'पूर्ण होणे', आणि पाळी येण्याआधी आपल्यासारख्यांचीच शुश्रूषा करण्याची नोकरी असते. 'ती पळून का जात नाहीत?' हा आक्षेप या कादंबरीवर वारंवार घेतला जातो. त्यांची मागणी फार तर काय, तर खरे प्रेम सिद्ध केले तर तीन-चार वर्षांची मुदतवाढ मिळते अशी अफवा आहे, तिचा अर्ज कुठे करायचा. सुटकेची कल्पनाही अर्जाच्या भाषेत होते. आणखी कुंपण कशाला हवे?

यावरून स्पर्धेच्या नियमांकडे येतो. पहिली अट आहे की कथा आजपासून किमान पन्नास वर्षे पुढच्या काळात घडावी. ही अट काढावी. इशिगुरो यांची कादंबरी 2005 साली आली, आणि तिच्या पहिल्या पानावर स्थळकाळ दिला आहे: इंग्लंड, 1990 च्या दशकाची अखेर. म्हणजे ती प्रसिद्ध झाली तेव्हाच तिचा काळ मागे पडलेला होता. आपल्या अटीत ती बाद ठरली असती.

दुसरी अट, 'शेवट आशादायी असावा'. त्यामागचा हेतू कळतो, पण आशा कुठे ठेवायची हे लेखकावर सोडावे. अँथनी बर्जेस यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' (1962) मध्ये 21 प्रकरणे आहेत. शेवटच्या प्रकरणात नायक हिंसेला आपोआप कंटाळतो. अमेरिकन आवृत्तीने ते प्रकरण गाळले आणि 1986 पर्यंत तिथले वाचक 20 प्रकरणांचे, नेमका उलटा अर्थ देणारे पुस्तक वाचत राहिले. ऑर्वेलच्या कादंबरीत विन्स्टन पूर्ण मोडतो, त्याहून निराश शेवट सापडणे कठीण. पण त्यानंतर नव्या भाषेवरचे परिशिष्ट आहे, ते साध्या इंग्रजीत आणि भूतकाळात लिहिलेले आहे. ती राजवट कधीतरी संपली असावी असा अर्थ त्यातून अनेक अभ्यासक काढतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या पुस्तक मंडळाने हे परिशिष्ट आणि मधला निबंधासारखा भाग गाळण्याची अट घातली होती, ऑर्वेल यांनी मोठ्या रकमेवर पाणी सोडायची तयारी ठेवून नकार दिला, आणि मंडळाने पुस्तक तसेच घेतले. ॲटवूडच्या कादंबरीअखेर 2195 सालची परिषद आहे. तिथे इतिहासाचे प्राध्यापक नायिकेच्या ध्वनिफितींवर बोलताना विनोद करतात आणि तिने आपल्याऐवजी त्या बड्या अधिकाऱ्याविषयी जास्त सांगायला हवे होते म्हणून हळहळतात. राजवट पडली, सवय शाबूत राहिली. जॅक लंडन यांनी 'द आयर्न हील' (1908) मध्ये हीच युक्ती तळटिपांतून केली होती, सातशे वर्षांनंतरच्या संशोधकाच्या टिपा घालून. यांपैकी कोणता शेवट आपल्या परीक्षकांना आशादायी वाटेल?

तिसरी गोष्ट शब्दमर्यादेची. नियम दाखवायचा, तो सुरळीत चालताना दाखवायचा आणि मग एका ठिकाणी अडकताना दाखवायचा, एवढ्याला 1500 शब्द कमी पडतात; मधला भाग पहिल्यांदा कापला जातो आणि उरते ते नायकाचे भाषण. मर्यादा 3000 करता आली तर पाहावे. प्रवेशिकांची मुदत अजून संपलेली नसल्याने हे बदल पुढच्या रविवारच्या अंकात जाहीर करता येतील.

आपला,
एक वाचक